पोटात दुसरं आलं म्हणून पहिलं गेल्याची भीती जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कराडला राहते, वय ३२, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहितेय, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं. पाचव्या दिवशी ती कामावर हजर. काउंटरवर बसली, पासबुकं घेतली, दर अर्ध्या तासानं उठून बाथरूमला जायची आणि परत आली की ओढणी नीट करत खाली मान घालून बसायची. कुणी काही विचारलं नाही, सगळे तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होते एवढंच. जेवायच्या सुट्टीत मी तिच्याजवळ बसले तर म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणालेत काही महिन्यांनी परत चान्स घ्या, दुसरं राहिलं की सगळं विसराल." हेच वाक्य मलाही सांगितलं होतं, तीन वर्षांपूर्वी. दुसरं राहतं हे खरं आहे. विसरणं होत नाही, आणि दुसरं राहिल्यावर जे सुरू होतं त्याबद्दल कुणी बाईला आधी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

माझं असं झालं. २०२२ चं नवरात्र होतं, घट बसून चार दिवस झालेले. मला दहावा आठवडा. त्रास काही नाही, दुखणं नाही, अंगावर जाणं नाही, नुसती रुटीन सोनोग्राफी. डॉक्टर पहिली दोन मिनिटं बोलत होते, गाव कुठलं, मिस्टर काय करतात, आणि मग एकदम गप्प झाले. स्क्रीन त्यांच्याकडं, मी वर छताकडं बघतेय, आणि त्यांचा हात पोटावर एकाच जागी परत परत फिरतोय. मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ते सिस्टरला म्हणाले, "यांच्या मिस्टरांना आत बोलवा." मी तिथंच झोपलेली, पूर्ण शुद्धीत, पोटावर ती थंडगार जेली, आणि मला काही न सांगता मिस्टरांना बोलवा. तेवढ्यावरच मला कळलं.

ठोके बंद झालेले. कागदावर लिहून दिलं मिस्ड अबॉर्शन, म्हणजे गर्भ आतल्या आत गेलेला. दुसऱ्या दिवशी क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ करणं, झालं आणि नंतर मला ठेवलं कुठं तर डिलिव्हरी झालेल्या बायकांच्या खोलीत, कारण दुसरी कॉट रिकामी नव्हती. शेजारणीला मुलगा झालेला. तिचे वडील पेढ्यांचा बॉक्स घेऊन सगळ्यांना वाटत आले, मला पण दिला, म्हणाले घ्या ताई तोंड गोड करा. त्यांना काय माहीत. नाही कसं म्हणायचं म्हणून मी घेतला. आई खालून औषधं घेऊन येईपर्यंत मी तो पेढा मुठीत धरूनच बसले होते, तिनं माझी मूठ उघडून ओल्या रुमालानं हात पुसला, बोलली काहीच नाही.

घरी घट बसलेले म्हणून मला तिथूनच परस्पर माहेरी पाठवलं, विटाळ नको म्हणून. सासूबाईंना मी वाईट म्हणणार नाही, त्या फोनवर रडून रडून बोलल्या, पण त्यांच्या घरात हे असंच चालत आलंय. पुढं सुरू झालं कशामुळं झालं ते शोधणं. स्कूटीवरून ऑफिसला जात होती ना, त्या रस्त्याला खड्डे किती. पपई खाल्ली का. पाण्याची कळशी उचलली का. कुणीतरी म्हणालं गौरीत मखर हलवताना हिनं हात लावलेला. मला पुढं कळलं, आणि हे सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं, की पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यातले निम्मे तरी गर्भाच्या क्रोमोसोममध्येच गडबड असते म्हणून होतात. त्यात बाईनं केलेलं काही नसतं आणि तिनं न केल्यानं थांबलं असतं असंही काही नसतं. नुसतं झोपून राहिल्यानं गर्भपात टळतो याला सुद्धा पुरावा मिळालेला नाही. पण हे मला त्या वेळी एका माणसानं सांगितलं असतं ना, तर मी पुढचं वर्षभर त्या खड्ड्यांचा हिशोब करत बसले नसते. मी खरंच रात्री पडल्या पडल्या आठवायचे, कुठल्या दिवशी कुठल्या स्पीडब्रेकरला गाडी आदळली.

आता रजेचं. मी ऑफिसला फोन केला तर साहेब म्हणाले, "बरं वाटेपर्यंत घ्या, चार दिवस सिक लीव्ह टाका." ते चांगल्या मनानंच म्हणाले. मी पाचव्या दिवशी गेले. अंगावर अजून जात होतं, आणि त्या दिवशी पहिलीच गिऱ्हाईक एक बाई होती जिला सुकन्या समृद्धीत पैसे कुठं भरायचे ते विचारायचं होतं. माझी मावसबहीण वकील आहे, कामगारांच्या केसेस घेते. तिला मी हे सहा महिन्यांनी सांगितलं तर ती डोक्याला हात लावून बसली. तेव्हा १९६१ चा मातृत्व लाभ कायदा लागू होता, त्यात कलम ९ मध्ये स्वच्छ लिहिलं होतं की गर्भपात झाला तर त्या दिवसापासून सहा आठवडे भरपगारी रजा. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं आणि दवाखान्याचे कागद दिले की झालं. त्यानंतर आजारपण राहिलं तर कलम १० प्रमाणे अजून एक महिना. आणि कलम ४ तर असं म्हणायचं की त्या सहा आठवड्यांत बाईला कामावर ठेवायलाच मनाई आहे, म्हणजे मी यायला तयार असले तरी त्यांनी मला घरी पाठवायला हवं होतं. कायद्याचा सारांश स्थानिक भाषेत सगळ्यांना दिसेल असा लावायचा हे पण त्याच कायद्यात होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी २०२० ची नवीन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तिच्यात सुद्धा ही सहा आठवड्यांची तरतूद तशीच ठेवलीय. न्यूझीलंडनं २०२१ मध्ये गर्भपातानंतर नवरा-बायको दोघांना तीन दिवसांची पगारी रजा दिली तर जगभर बातमी झाली, चांगलीच गोष्ट आहे, विशेषतः नवऱ्यालाही दिली ते. पण आपल्याकडं ६० वर्षांहून जास्त काळ सहा आठवडे कागदावर आहेत आणि आमच्या ऑफिसातल्या २२ जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. मी फायली हाताळते, कर्जाचे नियम तोंडपाठ आहेत, आणि माझ्या स्वतःच्या अंगाचा नियम मला माहीत नाही.

हे झालं पहिलं. खरं मला लिहायचंय ते दुसऱ्याबद्दल.

२०२३ च्या जुलैमध्ये परत दिवस राहिले. अधिक महिना नुकताच लागलेला, सासूबाई म्हणाल्या पुरुषोत्तम मासातलं आहे, देवानंच दिलंय, आता काळजी नाही. त्यांना खरंच आनंद झाला होता, मलाही झाला, पण किती वेळ, तर किटवर दोन रेषा दिसल्यापासून बाथरूमचं दार उघडेपर्यंत. बाहेर आले तेव्हा भीती सुरू झालेली होती आणि ती पुढं आठ महिने गेली नाही. ज्या बाईचं आधी गेलंय तिला विचारा, बाथरूमला गेलं की पहिल्यांदा काय करते, ती बघते. डाग आहे का. दिवसातून दहा-बारा वेळा, रात्री उठून लाईट लावून, मोबाईलच्या टॉर्चनं सुद्धा. मळमळ झाली तर बरं वाटायचं आणि एखाद्या दिवशी मळमळ झाली नाही की पोटात गोळा यायचा, कारण मागच्या वेळी पण नवव्या आठवड्यात मळमळ एकदम थांबली होती आणि मी सगळ्यांना आनंदानं सांगितलं होतं बघा माझा त्रास कमी झाला. किती तरी गोष्टी अशा, ज्या इतर बायकांना चांगल्या वाटतात त्या मला वाईट खूण वाटायच्या.

आणि हे बोलायचं कुणाजवळ. तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही आपली पद्धत, दृष्ट लागते म्हणून. पहिलटकरणीला ते ठीक असेल. पण ज्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त भीती असते त्याच तीन महिन्यांत तोंड बंद ठेवायचं, म्हणजे गेलं तर गुपचूप गेलं, राहिलं तर गुपचूप घाबरलो. ज्यांना माहीत होतं ते म्हणायचे, "आता गोड बातमी आहे ना, मग तोंड असं का?" मैत्रीण म्हणाली पॉझिटिव्ह राहा. गर्भसंस्काराच्या क्लासला मिस्टरांनी नाव घातलं, तिथं बाई फार प्रेमानं शिकवायच्या, पण दर वेळी एकच, आई आनंदी तर बाळ आनंदी, आई रडली तर बाळाला कळतं. अभिमन्यूची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लहानपणापासून आहेच. मी तिथून घरी यायचे ती नवीन भीती घेऊन, की मी घाबरतेय हेच बाळाला बाधणार. म्हणजे आधी बाळाची भीती, मग भीतीची भीती. मी तिसऱ्या आठवड्यानंतर क्लास सोडला. मला गर्भसंस्काराला नावं ठेवायची नाहीयेत, गाणी ऐकावीत, वाचावं, छान वाटतं, पण समोर बसलेल्या दहा बायकांत एकीदोघींचं आधी गेलेलं असणारच हे शिकवणाऱ्यानं धरून चालावं. हा आकडा मी मनानं सांगत नाही. कळलेल्या गर्भारपणांपैकी साधारण १५ टक्के गर्भपातात संपतात, लॅन्सेट या मेडिकलच्या मासिकानं २०२१ मध्ये हिशोब दिला होता, जगात वर्षाला २ कोटी ३० लाख, म्हणजे मिनिटाला ४४. एवढ्या बायका, आणि प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच झालं.

माझी आज्जी असं लपवायची नाही. आज्जी पाटणच्या बाजूची, शाळेत न गेलेली. तिला कुणी विचारलं मुलं किती तर ती सांगायची, "सात झाली, चार हाईत." गेलेली पण मोजायची. त्यातली दोन पोटातच गेलेली, एक सव्वा महिन्याचं. लहानपणी आम्हाला ते विचित्र वाटायचं. आता वाटतं तिच्या पिढीनं निदान मोजली तरी. आम्ही शिकलेल्या बायका फाईलवर मोजतो. माझ्या फाईलीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं जी २, पी ०, ए १, एल ०. दुसरी खेप, बाळंतपण शून्य, अबॉर्शन एक, हयात शून्य. डॉक्टरांना ते लागतं, कबूल. पण रिसेप्शनवरची मुलगी भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं विचारते, "आधी एक अबॉर्शन केलंय ना तुम्ही?" सगळ्या बायका वळून बघतात. केलं आणि झालं यात किती फरक आहे. मी म्हटलं, "केलं नाही, झालं. बाळ गेलं माझं." ती बिचारी गोरीमोरी झाली, तिला कुणी शिकवलेलंच नाही.

बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी गणपतीच्या दोन दिवस आधी होती. आदल्या रात्री मी झोपले नाही. टेबलावर पडले आणि डॉक्टर परत गप्प, वेगळे डॉक्टर, वेगळं सेंटर, पण तीच घरघर. मी विचारलं, "ठोके आहेत का?" सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आत बोलायचं नाही, कायदा आहे." मी थरथरत होते, मला टेबल हललेलं जाणवत होतं. साडेचार मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. भिंतीवर समोरच घड्याळ होतं म्हणून मला मिनिटं माहीत आहेत. सगळ्या सोनोग्राफी सेंटरवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे सांगायला. ठोके आहेत हे सांगायला बंदी नाही. मापं नंतर घ्या, डोक्याचं, मांडीचं, सगळं घ्या, पण जिच्या फाईलीवर ए १ लिहिलंय तिला प्रोब ठेवल्या ठेवल्या आधी एक वाक्य सांगा, ठोके आहेत. आणि नसले तर तिलाच सांगा, मिस्टरांना बोलवायचं असेल तर बोलवा पण ती टेबलावर आहे हे विसरू नका. पाचव्या महिन्याच्या मोठ्या सोनोग्राफीला मी आधीच चिठ्ठी लिहून नेली होती, बोलता येईल की नाही खात्री नव्हती म्हणून. "माझं आधीचं बाळ अशाच टेबलावर गेल्याचं कळलं होतं. कृपया आधी ठोक्यांचं सांगा." त्या मॅडमनी वाचली, स्क्रीन माझ्याकडं वळवली आणि म्हणाल्या, "हे बघा, हे हार्ट." याला त्यांना पाच सेकंद लागली असतील.

मधे एक गोष्ट सांगायची राहिली, मिस्टरांची. सगळे त्यांना सांगायचे, तिला सांभाळ. त्यांना कुणी विचारलं नाही. गौरी विसर्जनाच्या दिवशी पोलिसांनी गाडी अडवली म्हणून मी डिकीतनं आरसीचं पाकीट काढलं तर पीयूसीच्या कागदामागं एक घडी घातलेला सोनोग्राफीचा फोटो. मागच्या वेळचा, सातव्या आठवड्यातला. त्या चकचकीत कागदावरचं उडून जातं ना उन्हानं, तसं उडून गेलेलं, नुसता राखाडी डाग उरलेला, तरी ठेवलेला. वर्षभर तो माणूस ते घेऊन रोज फिरत होता आणि मला वाटत होतं हा विसरला. त्या रात्री आम्ही पहिल्यांदा त्या बाळाबद्दल बोललो. त्याआधी एकमेकांना त्रास नको म्हणून दोघंही गप्प होतो, आणि त्या गप्प राहण्याचाच त्रास जास्त होता.

ऑक्टोबरमध्ये परत नवरात्र आलं आणि माझं फारच बिघडलं. चौथी माळ जवळ आली तशी झोप बंद, जेवण जाईना, ऑफिसात बेरजा चुकायला लागल्या, एकदा तर मी काउंटर तसाच सोडून मागच्या जिन्यात जाऊन बसले, छातीत एवढी धडधड की वाटलं मी मरतेय. घरी सांगितलं असतं तर म्हणाले असते आता सोळा आठवडे झाले, धोका टळला, मग काय. रात्री दोन वाजता गच्चीवर जाऊन मी १४४१६ ला फोन लावला. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाईन आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर मला दवाखान्यात मिळाला नाही, बहिणीच्या कॉलेजच्या भिंतीवर स्टुडंट्ससाठी लावलेला होता. पलीकडून एक बाई बोलत होत्या. मी पाचेक मिनिटं नुसती रडले, त्या थांबल्या, फोन ठेवला नाही. मग त्यांनी विचारलं, "कितवा आठवडा गेला होता तुमचा?" संपादक साहेब, वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

त्यांनी समजावलं की दवाखान्यात जाऊन दाखवा, म्हणून आम्ही साताऱ्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाल्यांकडं गेलो. पन्नासएक किलोमीटर, एसटीनं. तिथल्या मॅडमनी एक कागद दिला, दहा प्रश्नांचा. गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू येत होतं का, कारण नसताना घाबरायला झालं का, झोप लागेना इतकं दुःख वाटलं का, असले साधे प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, टिक करायची. एडिनबरो स्केल म्हणतात, १९८७ मध्ये बाळंतिणींसाठी केलेलं, गरोदरपणात पण वापरतात. पाच-सात मिनिटांत होतं. ३० पैकी माझे १७ आले, साधारण १३ च्या पुढं गेलं की डॉक्टर नीट तपासणी करतात म्हणे. मॅडम म्हणाल्या, तुम्ही वेड्या नाही, कमकुवत नाही, एवढ्या मोठ्या गोष्टीनंतर मन असं सावध होतंच. मला गोळ्या लागल्या नाहीत, सहा वेळा बोलायला गेले. कुणाला गोळ्या लागतात, गरोदरपणात डॉक्टर विचार करून देतात तशा गोळ्या असतात, आणि ज्यांच्या आधीपासून चालू आहेत त्यांनी दिवस राहिले म्हणून मनानं एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं, हे त्यांनी बजावून सांगितलं. आणि दुसरं सांगितलं ते माझ्यासाठी सोन्यासारखं होतं, की घाबरल्यानं, रडल्यानं बाळाला इजा होत नाही. डिप्रेशन महिनोन्महिने अंगावर काढलं तर आईला आणि बाळाला दोघांना त्रास होऊ शकतो, म्हणून उपचार घ्यायचा. हा फरक कुणी सांगत नाही, नुसतं म्हणतात रडू नको.

सोपं काय शिकवलं तर संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात हा काळजीचा टाईम, वहीत सगळं लिहायचं, जे जे होईल असं वाटतं ते, आणि दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचं साडेसहाला ये. गुगल बंद. आणि पूर्ण नऊ महिन्यांचा विचार न करता रोज सकाळी एवढंच म्हणायचं की आज बाळ माझ्याजवळ आहे. ऐकायला बारीक वाटतं, पण मला त्यावर दिवस ढकलता आले. दिवाळीच्या आधी आठवडाभर, लसणाच्या पाकळ्या सोलत बसले होते आणि बेंबीखाली आतून कुणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. मी हात तसाच धरून बसले. परत झालं. सासूबाई भाकरी थापत होत्या, त्यांना हाक मारायला आवाजच फुटेना.

मी हे नंतर वाचायला लागले, भाचीनं मराठीत समजावून दिलं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजनं आणि बेल्जियमच्या ल्यूव्हेनच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये साडेसहाशे बायकांवर केलेलं संशोधन छापलंय, सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गेलेल्या. महिन्याभरानंतर २९ टक्के जणींना युद्धातनं आलेल्या माणसाला होतो तसल्या मानसिक धक्क्याची लक्षणं होती, आणि नऊ महिन्यांनंतर सुद्धा १८ टक्के जणींना. नऊ महिने म्हणजे तोवर कितीतरी जणी परत गरोदर असणार. इंग्लंडमधलंच एक आधीचं आहे, २०११ चं, १३ हजारांहून जास्त बायकांचं, त्यात दिसलं की आधी बाळ गेलेल्या बायकांना पुढच्या गरोदरपणात चिंता आणि डिप्रेशन जास्त, आणि धडधाकट बाळ झाल्यावर सुद्धा ते जात नाही, जवळजवळ तीन वर्षांपर्यंत टिकलेलं दिसलं. ते वाचून मला इतकं हलकं वाटलं. माझी मुलगी २०२४ च्या मार्चअखेर झाली, छान तीन किलोची, आणि तरी मी रात्री तीन-तीनदा उठून तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे श्वास चालू आहे का. मला वाटायचं आता तर सगळं मिळालं, मी अशी कृतघ्न कशी. कृतघ्न नव्हते, ते राहतंच काही दिवस. आपल्याकडचं म्हणाल तर गोव्यात २००२ मध्ये छापलेला अभ्यास आहे, तिथं बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के बायकांमध्ये डिप्रेशन सापडलं होतं. म्हणजे हे परदेशातल्या बायकांचं नाटक नाही.

म्हणून माझं मागणं आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून. वजन होतं, बीपी होतं, रक्त-लघवी होते, पोट बघतात. त्यातच तो दहा प्रश्नांचा कागद का नाही देत, निदान जिचं आधी गेलंय तिला तरी. लिहिता येत नसेल तर वाचून विचारा. केरळात 'अम्मा मनस्सु' म्हणून कार्यक्रम आहे, त्यात आरोग्य खात्याच्या खालच्या कर्मचाऱ्यांनाच गरोदर बायकांच्या मनाची चौकशी करायला शिकवलंय. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या मोठ्या दवाखान्यात २००९ पासून आजारी आई आणि तिचं बाळ एकत्र ठेवून उपचार करायचा वॉर्ड आहे. एवढं मोठं आपल्या तालुक्याला लगेच होणार नाही हे मला कळतं. पण प्रश्न विचारायला मशीन लागत नाही. फक्त हे काम आशाताईंच्या गळ्यात अजून एक रजिस्टर म्हणून मारू नका, त्यांना आधीच किती कामं आणि मोबदला किती, त्यांना द्यायचं तर शिकवून आणि वेगळे पैसे देऊन द्या. प्रायव्हेट हॉस्पिटलांनी गर्भपात झालेल्या बाईला पेढ्यांच्या खोलीत ठेवू नये, अगदीच जागा नसली तर मधे पडदा तरी ओढावा, आणि डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ छापावी, १४४१६.

डोहाळजेवण मी करू दिलं नव्हतं सातव्यात. सासूबाईंची फार इच्छा होती, संक्रांत पण जवळ होती, हलव्याचे दागिने घालू म्हणाल्या. मला जमेना, आधीच साजरं केलं आणि काही झालं तर, हेच डोक्यात. त्यांनी एकदा आग्रह केला, मग गुपचूप एका संध्याकाळी घरातल्या घरात माझी ओटी भरली, नारळ पदरात घातला आणि म्हणाल्या, "कुणाला सांगत नाही, तुझं-माझं राहू दे." नवरात्रात मला बाहेरच्या बाहेर पाठवणाऱ्या त्याच सासूबाई. माणसं समजून घेतात, त्यांना सांगावं लागतं, आणि सांगायला आपल्याला कुणीतरी आधी विचारावं लागतं. परवा लसीकरणाला गेले तर तिथली ताई म्हणाली, "पहिलंच का?" मी म्हटलं, "दुसरं. पहिलं पोटात असताना गेलं." तिनं पेन थांबवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माझं पण, २०१९ ला." रांग लागलेली होती म्हणून पुढं बोलता आलं नाही.

ऑफिसातल्या त्या मुलीसाठी मी मावसबहिणीकडून कलमं मराठीत लिहून घेतली आणि साहेबांना नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली, मला म्हणाले तुमच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं हो. ती मुलगी आता घरी आहे, उरलेले पाच आठवडे, भरपगारी. तो कागद नोटीस बोर्डावर लागलाय. काल रात्री तिचा फोन आला, अर्धा तास बोललो, पुढच्या चान्सबद्दल ती विचारत होती. मी सांगितलं, बहुतेक बायकांचं दुसऱ्या वेळी नीट होतं आणि तुला भीती वाटेल, दोन्ही होईल, वाटली की मला रात्री दोनला पण फोन कर.

पत्र फार लांबलंय. जागा नसेल तर माझं घरचं सगळं कापलं तरी चालेल, पण १४४१६ नंबर आणि सहा आठवड्यांच्या रजेचं तेवढं राहू द्या. नाव छापू नये ही विनंती, त्या मुलीला लोक ओळखतील म्हणून.

आपली,
एक वाचक, कराड